अपत्यप्राप्तीसाठी आय.यू.आय. उपचार : पद्धत, अपेक्षा आणि मर्यादा

जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की महाराष्ट्राला कुपोषण आणि बालमृत्यू आठवतात. १९९२ साली वावर-वांगणी येथील बालमृत्यू राज्यभर गाजले. तेव्हापासून या भागातील आरोग्याची चर्चा झाली ती प्रामुख्याने जन्मलेल्या मुलांची. ज्या घरात पाळणाच हलला नाही, त्या घराचे दुःख मात्र कोणाच्या नजरेस आले नाही. अशा घरातील सुनेला वांझ म्हणून हिणवले जाते, मंगलकार्यात मागे ठेवले जाते. कधी नवरा दुसरी बायको करून आणतो. भगताकडे फेऱ्या होतात, कोंबडे-बकरे जातात, पैसा जातो आणि त्याहून मोलाचे म्हणजे वय निघून जाते.

या विषयावर उघड बोलण्याची आपल्याकडे लाज वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असे प्रश्न निर्भयपणे मांडले. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली. लाजेपोटी अज्ञान जोपासू नये, हाच धडा त्यातून घ्यावयाचा आहे. म्हणूनच आय.यू.आय. या उपचाराची सोप्या भाषेत माहिती देण्याचा हा प्रयत्न आहे.

दोष कोणाचा?

एक वर्ष नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांना दाखवावे. कारण कधी स्त्रीमध्ये असते, कधी पुरुषामध्ये, कधी दोघांमध्ये, तर कधी सापडतच नाही. तरीही तपासणीला पाठविली जाते ती बहुधा एकटी स्त्री. वास्तविक पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी तपासणी होय. तीत सुई नाही, वेदना नाही. म्हणून स्त्रीच्या अवघड तपासण्या सुरू करण्यापूर्वीच ती करून घ्यावी. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध टाळावा लागतो. नमुना घरून आणल्यास तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. मोखाड्याच्या पाड्यावरून एस.टी.ने हे शक्य नाही, तेव्हा तपासणीच्या ठिकाणी जाऊनच नमुना द्यावा.

स्त्रीच्या बाबतीत बीज वेळेवर तयार होते का आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे पाहतात. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्या देशात नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. रक्त तपासताना हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलचीही तपासणी दोघांनी करावी. आदिवासी भागात याचे महत्त्व विशेष आहे, कारण पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. सुरुवातीचा सल्ला जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेता येतो. पुढील उपचारासाठी मात्र नाशिक, ठाणे, मुंबई अशा शहरांतील केंद्राकडे जावे लागते.

आय.यू.आय. म्हणजे काय?

पतीचे वीर्य प्रयोगशाळेत धुऊन त्यातील चपळ शुक्रजंतू वेगळे काढतात आणि बीज बाहेर पडण्याच्या सुमारास एका बारीक, मऊ नळीने थेट गर्भाशयात सोडतात. एवढाच हा उपचार आहे. फलन पुढे शरीरातच, निसर्गक्रमाने होते. टेस्ट ट्यूब बेबी ही पद्धत निराळी. तीत बीज शरीराबाहेर काढून फलन प्रयोगशाळेत करतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली हर्षा ही त्या पद्धतीची. काही लोक आय.यू.आय.ची तुलना गुरांच्या कृत्रिम रेतनाशी करून थट्टा करतात. त्या थट्टेला भिऊन उपचार टाळू नये.

शुक्रजंतू थोडे कमी असणे, बीज अनियमित तयार होणे, किंवा कारण न सापडणे, अशा वेळी हा उपचार सुचवितात. दोन्ही नलिका बंद असतील किंवा शुक्रजंतू फारच कमी असतील, तर त्याचा उपयोग होत नाही. असे असताना कोणी फेऱ्यांमागून फेऱ्या करावयास सांगत असेल, तर कारण विचारावे व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

एक फेरी कशी असते?

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण पाच दिवस बीजवाढीच्या गोळ्या देतात. नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफीने बीजकोशाची वाढ पाहतात. तो १८ ते २० मिलिमीटरचा झाला की बीज फुटण्याचे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर सुमारे ३६ तासांनी वीर्य सोडतात. वीर्य धुण्यास तासभर लागतो. प्रत्यक्ष क्रिया काही मिनिटांची असून तिला भूल लागत नाही. पाळीतल्यासारखी हलकी कळ येऊ शकते. दहा-पंधरा मिनिटे पडून राहिल्यावर घरी जाता येते. पुढे अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही, आणि बसने प्रवास केला म्हणून गर्भ पडत नाही. गर्भचाचणी १४ दिवसांनीच करावी. घाई केल्यास इंजेक्शनच्या अंशामुळे चाचणी खोटी आशा दाखवू शकते.

यश किती?

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सर्वसाधारणपणे एका फेरीत १०० पैकी १० ते १५ जोडप्यांना यश येते. स्त्रीचे वय चाळिशीपुढे असल्यास ते पुष्कळच कमी होते. अर्थात निरोगी जोडप्यालाही एखाद्या महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता १०० पैकी २० ते २५ एवढीच असते. म्हणून पहिली फेरी वाया गेली तर ती स्त्रीची चूक नव्हे आणि नशिबाचा कोपही नव्हे. बहुधा तीन ते सहा फेऱ्यांपर्यंत प्रयत्न करतात. किती फेऱ्या करावयाच्या आणि किती खर्च झेपेल, हे दोघांनी आरंभीच ठरवावे. जमीन गहाण टाकून किंवा मुकादमाची उचल घेऊन उपचार लांबवीत नेणे शहाणपणाचे नाही.

गोळ्यांमुळे जुळी होण्याची शक्यता वाढते. क्वचित पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, ताप किंवा तीव्र पोटदुखी होते. चाचणीत गर्भ दिसल्यावर एका बाजूला दुखू लागले किंवा रक्त गेले, तर गर्भ नलिकेत असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कामाचा हंगाम आणि उपचार

भातकापणी उरकली की या भागातील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे असेल, तर फेरी वाया जाते. महिन्यात तीन-चार खेपा कराव्या लागतात व ठरल्या दिवशी दोघांनी हजर राहावे लागते. म्हणून दोघे एकत्र असतील असेच महिने निवडावेत. सतत प्रखर उष्णतेत काम करण्याने, तंबाखूने आणि दारूने शुक्रजंतू कमी होऊ शकतात. नवे शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे तीन महिने लागतात. तेव्हा व्यसन सोडावयाचे ते उपचाराच्या तीन महिने आधी.

कायदा काय सांगतो?

२०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार आय.यू.आय. करणाऱ्या केंद्राचीही नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. संमतिपत्र वाचून, न समजल्यास वाचून घेऊन मगच सही किंवा अंगठा करावा. पतीचे वीर्य वापरणे शक्य नसल्यास दात्याचे वीर्य केवळ नोंदणीकृत बँकेतूनच, दोघांच्या लेखी संमतीने घेता येते, आणि होणारे मूल कायद्याने त्या दांपत्याचेच असते. मुलगाच होईल असे आश्वासन देणारा माणूस गुन्हा करीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर दोनच गोष्टी पाड्यावर सांगाव्यात : तपासणी दोघांची करावी, आणि वेळ दवडू नये. उपचारानंतरही मूल झाले नाही, तर कायदेशीर दत्तकाचा मार्ग मोकळा आहे. आणि मूल नसलेली स्त्रीही घरात व समाजात इतरांइतक्याच मानाची धनी आहे. तो मान तिला देण्यासाठी कोणत्याही औषधाची गरज नाही.