दोन फोन म्हणजे बॅकअप नाही: क्रांती चौक ते लेह, बाइक आणि तंबू घेऊन

जून महिना, पहाटे साडेपाच. क्रांती चौकात महाराजांच्या पुतळ्यासमोर बाइक उभी केली, मागे तंबू आणि दोन बॅगा बांधलेल्या. फोटो काढला, स्टेटस टाकला आणि आम्ही दोघं निघालो. नवव्या दिवशी लेहमध्ये पोहोचलो तेव्हा दोघांच्याही फोनवर एकच ओळ होती: नो सर्व्हिस. केलाँग सोडल्यापासून घरी एकही मेसेज गेलेला नव्हता. गेस्ट हाउसच्या मालकाच्या फोनवरून घरी लावला तर आई रडायलाच लागली. सासरे मनाली पोलिसांचा नंबर शोधत बसले होते.

आम्हाला वाटायचं, दोन माणसं, दोन फोन, म्हणजे एक गेला तरी दुसरा आहेच. पण दोन्ही सिम एकाच कंपनीचे आणि दोन्ही प्रीपेड. मॅप फक्त माझ्या फोनमध्ये डाउनलोड केलेला. पॉवर बँक एकच. ज्या कारणाने पहिला फोन बंद पडतो, त्याच कारणाने दुसराही बंद पडत असेल, तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. त्या हिशोबाने आमच्याकडे एकच फोन होता, फक्त दोन तुकड्यांत.

तुम्ही दोघं अशा ट्रिपचा विचार करत असाल तर टायर आणि चेन बघता तसं हेही बघून घ्या.

रेंज नाही, तरी निळा ठिपका कसा हलतो?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, सिमसुद्धा लागत नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरतात. तुमचा फोन त्यांना काहीच पाठवत नाही, तो नुसतं ऐकतो. कमीत कमी चार उपग्रहांचा सिग्नल यायला किती वेळ लागला हे मोजून तो स्वतःची जागा काढतो. आपल्या इस्रोची नाविक प्रणालीही याच तत्त्वावर चालते. तिच्या नव्या पिढीचा पहिला उपग्रह एनव्हीएस-०१ हा २९ मे २०२३ ला सोडला, आणि फोनमधल्या चिपना सोयीचा असा एल-१ बँड त्यात आहे.

मग नेट कशाला लागतं? दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे त्या ठिपक्याखालचं नकाशाचं चित्र. दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: आत्ता कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन नेटवरून पटकन घेतो, म्हणून शहरात लोकेशन लगेच सापडतं. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि तो ती अगदी हळू देतो. एका उपग्रहाची स्वतःची माहिती मिळायला साधारण अर्धा मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक हवं असेल तर साडेबारा मिनिटं. त्यामुळे डोंगरात फोन रीस्टार्ट केल्यावर ठिपका दिसला नाही तर घाबरू नका. मोकळ्या आकाशाखाली थांबा, एक चहा होऊ द्या.

मॅप दोघांच्या फोनमध्ये, पण वेगवेगळा

गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन मॅप डाउनलोड करता येतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात एका वेळी ठरावीक आकाराचाच तुकडा घेता येतो, त्यामुळे पूर्ण मार्गासाठी बरेच तुकडे लागतात. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही, पर्यायी रस्ते मिळत नाहीत. तुकड्यांना मुदतही असते. निघायच्या आदल्या रात्री वायफायवर सगळे अपडेट करून घ्या.

दुसऱ्याच्या फोनमध्ये वेगळं ॲप टाका. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात. हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक २००४ पासून बनवत आहेत. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये राज्याराज्याप्रमाणे फाइल उतरवता येते. डोंगरातल्या पायवाटा आणि पाण्याच्या जागा यात कधीकधी जास्त चांगल्या सापडतात. शहरातल्या दुकानांच्या बाबतीत मात्र गूगलच पुढे. वेगळं ॲप घेण्याचं खरं कारण हे, की एका नकाशातली चूक दुसऱ्यात तशीच असण्याची शक्यता कमी.

आणि मोड बघा! गूगल मॅप्समध्ये भारतासाठी टू-व्हीलर मोड डिसेंबर २०१७ मध्ये आला, तरी अर्धी जनता कारच्या मोडवर बाइक चालवते. आपल्या शहरासाठी तर हे फारच महत्त्वाचं. नागपूरला किंवा इगतपुरीकडे जाताना कारच्या मोडवरचा मॅप तुम्हाला सरळ माळीवाडा किंवा सावंगीच्या इंटरचेंजवर, म्हणजे समृद्धी महामार्गावर नेऊन सोडेल. तिथे दुचाकीला बंदी आहे. दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचंही तसंच. आम्ही उत्तरेला जाणार होतो म्हणून नगर नाका, दौलताबाद, वेरूळ, कन्नड घाट उतरून चाळीसगाव आणि धुळे असा जुना रस्ता धरला. पहाटेच्या घाटासाठी तोच बरा.

लेहमध्ये फोन मेला कशामुळे?

मेला नव्हता. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत. सुरक्षेच्या कारणावरून हा नियम आहे. पोस्टपेड चालतात. रिचार्ज कितीही मोठा मारलेला असो, सीमा ओलांडली की प्रीपेड बंद. हिमाचलमध्ये सगळं व्यवस्थित चालू असतं, म्हणून आपण बेसावध राहतो.

तेव्हा दोघांपैकी किमान एकाने निघण्याच्या दोन आठवडे आधी पोस्टपेड करून घ्या, आणि दुसऱ्याचं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा. ज्याचा नंबर बँकेला जोडलेला आहे त्याचं पोस्टपेड करणं जास्त शहाणपणाचं, कारण सिम बंद म्हणजे ओटीपीही बंद. आम्ही लेहमध्ये गेस्ट हाउसच्या वायफायवर बसून ऑनलाइन पैसे भरायला गेलो आणि ओटीपीची वाट बघत राहिलो! थोडी रोकड दोघांच्या खिशात वेगवेगळी ठेवा.

पोस्टपेड असलं तरी मनाली-लेह रस्त्यावर दारचा ते उपशी या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी टॉवरच नाही. स्वतःच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल, तर ११२ लागू शकतो. तो लावून बघाच. टॉवरच नसेल तर तोही लागणार नाही. अशा वेळी ट्रकवाले, रस्ता बांधणारे बीआरओचे लोक आणि चेकपोस्ट हेच तुमचं नेटवर्क.

परदेशी व्हिडिओ बघून कुणी सॅटेलाइट मेसेंजर मागवायच्या विचारात असेल तर थांबा. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि अशी उपकरणं सोबत असल्यामुळे परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.

२०,००० एमएएचचं खरं गणित

पॉवर बँकेवर लिहिलेला आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. २०,००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. भागाकार केला तर जवळपास चार वेळा चार्ज व्हायला हवा. पण व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बरीच ऊर्जा वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात तीनदा झाला तरी नशीब. दोन फोन, दोन हेल्मेटचे इंटरकॉम, कॅमेरा आणि तंबूतला दिवा. दीड दिवसात खेळ खल्लास.

म्हणून बाइकवर यूएसबी सॉकेट बसवून घ्या, फ्यूजसकट, आणि तो चावी फिरवल्यावरच चालू होईल अशा वायरला जोडायला सांगा. चार्जिंग फक्त इंजिन चालू असताना करायचं. बऱ्याच बाइकची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर असते, म्हणजे सगळी मिळून ९६ वॉट-अवर. रात्री तंबूत वायर ओढून दोन फोन आणि पॉवर बँक लावलीत तर सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता टक् आवाज येईल. किक नसलेल्या बाइकला मग धक्का, तोही चौदा हजार फुटांवर, जिथे दहा पावलं चाललं तरी दम लागतो.

थंडीचा प्रकार वेगळा. सरचूला तंबूत रात्री माझा फोन ४० टक्क्यांवर असताना बंद झाला. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, व्होल्टेज पडतं आणि फोनला वाटतं बॅटरी संपली. ऊब मिळाली की चार्ज परत दिसतो. फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा. पण गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातूरूप लिथियमचा थर साचतो, आणि त्याने बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. आधी अंगावर गरम करा, मग लावा.

हँडलवरचा फोन

रील्समध्ये भारी दिसतो. पण कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग अधांतरी धरून ठेवणारी यंत्रणा असते, आणि मोटारसायकलच्या इंजिनाची कंपनं तिला सोसत नाहीत. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता. कंपन शोषणारा माउंट लावला तर धोका कमी होतो. त्यात इंदूरच्या पुढे दुपारचं ऊन, फुल ब्राइटनेस आणि चार्जिंग चालू, असं तिन्ही एकत्र आलं की फोन तापून चार्जिंग थांबवतो, स्क्रीन अंधूक करतो.

आम्ही तिसऱ्या दिवसापासून फोन जॅकेटच्या खिशात टाकला, स्क्रीन बंद ठेवली आणि रस्ता इंटरकॉममधून ऐकला. पुढे चालवणाऱ्याने फोन बघायचाच नाही. मॅप मागे बसणाऱ्याकडे. ‘अरे, डावीकडे म्हटलं होतं ना!’ हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

जाता जाता एक गंमत. खारदुंग ला वरच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट, म्हणजे ५,६०२ मीटर लिहिलेलं. जीपीएसने मोजल्यावर खिंड निघाली ५,३५९ मीटरची. पाटीसमोर सेल्फी जरूर काढा, कॅप्शन टाकताना फोनमधला आकडा बघा.

कागद आणि घरचे

लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी कायद्याने चालतात. पण रेंज नसलेल्या चेकपोस्टवर ॲप उघडलं नाही तर? मूळ कार्ड सोबत हवंच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईहून लंडनला बाइकने गेलेल्या एका मराठी रायडरची गाडी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला चोरीला गेली, पासपोर्टसकट. तेव्हा मूळ कागद गाडीच्या बॅगेत नको, अंगावर हवेत, आणि एकमेकांच्या कागदांच्या प्रती एकमेकांच्या फोनमध्ये. लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीत रक्तगट आणि घरचा नंबर भरा. ईशान्येकडे जाणार असाल तर अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी इनर लाइन परमिट लागतं. त्याची प्रिंट काढून ठेवा.

लाइव्ह लोकेशन शेअर केलंय म्हणून घरचे निश्चिंत, असं समजू नका. रेंज गेली की तो ठिपका शेवटच्या जागी थिजतो आणि घरच्यांना वाटतं अपघात झाला. परतीच्या वेळी आम्ही लेह सोडताना गेस्ट हाउसच्या वायफायवरून घरी मेसेज टाकला: ‘उद्या सकाळी निघतोय. परवा रात्री आठपर्यंत फोन लागणार नाही. तेरवा सकाळी दहापर्यंत फोन आला नाही तरच ११२ ला सांगा, रस्ता मनालीचा, गाडीचा नंबर खाली.’ केलाँगला रेंज आल्यावर फोन लावला तेव्हा परवाचे संध्याकाळचे सहा वाजले होते. आईने पहिला प्रश्न विचारला, जेवलात का?