विमानात चेंडू किती मावतात?

परवा गच्चीवर पापड वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनींची थोरली लेक आली. पुण्याला एका कॉम्प्युटर कंपनीत मुलाखत देऊन आलेली. चेहरा पार उतरलेला.

"काकू, मला नाही जमणार हे. त्यांनी विचारलं, एका विमानात चेंडू किती मावतील? मला काही सुचेचना. मग विचारलं, लग्न ठरलंय का? मी नाही म्हटलं, तर दोघं एकमेकांकडे बघून हसले."

खाली तिच्या आईचं सुरूच होतं, "पुरे झालं आता. मार्गशीर्षात स्थळं बघायला लागू."

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले आणि आता बचतगटांच्या वह्या तपासते. पण या चेंडूंबद्दल वाचलं होतं. म्हटलं, बस, सांगते.

विमानात गोल्फचे चेंडू किती, असली कोडी एकेकाळी गूगलमध्ये मुलाखतीला विचारत. लाझलो बॉक हे तेव्हा तिथल्या माणसं नेमणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. कंपनीने हजारो जुन्या मुलाखती आणि त्या माणसांचं पुढचं काम ताडून पाहिलं. २०१३ साली बॉक यांनी उघडच सांगितलं, की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळ वाया. त्यातून काम कसं होईल ते कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं! त्यापेक्षा विचारावं, "तुम्ही एखादा अवघड प्रश्न कसा सोडवलात, ते सांगा."

आणि लग्नाचं म्हणशील, तर सुझन वोजिस्कीची गोष्ट ऐक. गूगल १९९८ साली सुरू झाली, ती हिच्या घराच्या गॅरेजमध्ये. घराच्या कर्जाचे हप्ते होते, म्हणून तिने ते भाड्याने दिलेलं. इतिहास आणि साहित्याची पदवीधर, पुढे अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनही शिकली. १९९९ मध्ये ती त्याच कंपनीत लागली, तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. पुढे २०१४ पासून २०२३ पर्यंत यूट्यूबची प्रमुख आणि पाच मुलांची आई! २०२४ साली ती गेली. तिनेच लिहून ठेवलंय, की २००७ मध्ये गूगलने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून १८ केली, तेव्हा नोकरी सोडणाऱ्या नव्या आयांचं प्रमाण निम्म्यावर आलं. आपल्याकडे तर २०१७ पासून कायद्यानेच पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे.

"पण काकू, मी असं काय केलंय सांगण्यासारखं?"

"गेल्या वर्षी आमच्या गटाच्या हिशेबात ११०० रुपयांचा मेळ बसत नव्हता, तो कोणी शोधला?"

"ते होय? ते तर घरचंच काम."

हेच, मैत्रिणींनो, हेच आपलं चुकतं! पोरीने सहा वर्षांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि एकीचा हप्ता दोनदा लिहिला गेलाय, हे शोधून काढलं. आम्ही अध्यक्ष-सचिव महिनाभर एकमेकींवर संशय घेत होतो. गट फुटायचा वाचला. आणि ही म्हणते, घरचं काम!

मग पापड बाजूला ठेवले. अडचण काय होती, तू काय केलंस, त्यातून काय झालं, या क्रमाने तिला बोलायला लावलं. आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. चौथ्यांदा आवाज सुटला. लग्नाचं कुणी विचारलंच, तर शांतपणे म्हणायचं, "माझ्या कामाबद्दल विचारा, सगळं सांगते."

येत्या मंगळवारी तिची दुसरी मुलाखत आहे. काय होईल, देव जाणे. संध्याकाळी वहिनींकडे चहाला गेले. म्हटलं, "वहिनी, मार्गशीर्ष काय, दरवर्षी येतो. मंगळवारी पोरीला एसटीवर सोडायला मात्र तुम्हीच जा." वहिनी काही बोलल्या नाहीत. पण एसटीची वेळ त्यांनी दोनदा विचारली.