गाडीचा तोल कसा राहतो?

बालमित्रांनो, गाडी केवढीही मोठी असो, ती जमिनीला फक्त चाकांनी धरून असते. म्हणून ओझं किती आहे हे जसं बघायचं, तसं ते कुठं ठेवलंय हेही बघायचं. ते कसं, ते आज पाहू.

आधी बैलगाडी घेऊ. तिला एकच आख असतो. ओझं आखाच्या पुढं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर दाबतं आणि मान सुजते. ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळते. म्हणजे जू वर उचलतं आणि गळ्याखालची दोरी बैलाला आवळते. माझे आजोबा सांगतात, जू मानेवर थोडंसंच टेकलं पाहिजे. चढाला ओझं मागं कलतं, म्हणून गाडीवान पुढं सरकून बसतो. उताराला तो मागं सरकतो.

आता मोटार. मोटारीला चार चाकं असतात. स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. पण चाकं वळली म्हणजे गाडी वळलीच असं नाही. टायरनं रस्ता घट्ट धरला तरच गाडी वळते. आणि चाकावर वजन असलं तरच टायर रस्ता धरतो.

एक गणित करू. समजा, पुढच्या व मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि आपल्याला १०० किलोचं पोतं ठेवायचं आहे. ते बरोबर मधे ठेवलं तर पुढं ५० व मागं ५० किलो भार पडतो. मागच्या चाकांच्या वर ठेवलं तर सगळे १०० किलो मागं. पण मागच्या चाकांच्याही मागं अर्धा मीटर ठेवलं तर? मागच्या चाकांवर १२५ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवर आधी जो भार होता त्यातले २५ किलो कमी होतात! पोतं तेच, पण पुढचा भाग उचलला जातो.

खरं वाटत नसेल तर करून बघा. दोन खोडरबरांवर फूटपट्टी ठेवा. एक टोक बाहेर जास्त येऊ द्या आणि त्या टोकावर एक खडा ठेवा. दुसरं टोक वर उठेल. ट्रॅक्टरला मागं जड अवजार लावलं की असंच होतं. म्हणून त्याच्या पुढच्या बाजूला लोखंडाची वजनं अडकवतात.

बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपला मागच्या पायरीवर चार-पाच माणसं लोंबकळतात. ती सगळी मागच्या चाकांच्या मागं असतात. त्यामुळं पुढची चाकं हलकी होतात. वळणावर ड्रायव्हरनं स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी नीट वळत नाही, सरळ जाऊ बघते. टपावर पोती असली तर आणखी वाईट. ओझं जेवढं उंच तेवढी गाडी लवकर कलंडते. कडब्याची उंच गाडी वळणावर कलंडते ती याचमुळं.

गाडीत सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन. अँबेसेडर गाडीचं इंजिन पुढं होतं, पण जोर मागच्या चाकांना मिळे. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचं इंजिनही पुढं आणि जोरही पुढच्याच चाकांना. २००९ साली नॅनो रस्त्यावर आली, तिचं इंजिन मागं होतं आणि जोरही मागच्या चाकांना होता. ज्या चाकांना जोर मिळतो त्यांच्यावर वजन हवं. नाहीतर ती चिखलात नुसती गरगर फिरतात. म्हणून मागच्या चाकांवर चालणारी रिकामी गाडी रुतली की मागच्या चाकांवर वजन ठेवतात.

ब्रेक मारला की आपण पुढं झुकतो. तसंच गाडीचं वजनही पुढं झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून पोती नीट बांधावीत, म्हणजे ती सरकत नाहीत.

तर मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा. जड सामान खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे ठेवावं. टपावर जड पोती चढवू नयेत. आणि जीप भरली असेल तर पायरीवर लोंबकळू नका, दुसऱ्या गाडीनं या. एक माणूस पडला तर त्याचं एकट्याचं नुकसान होतं, पण गाडीचा तोल गेला तर आतल्या सगळ्यांचं होतं.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी