रात्रीच्या वर्गाचा मास्तर टिकवायचा कसा?

भाकरतुकडा आटोपला, गुरांना वैरण टाकली, की आमच्या गावात देवळाच्या ओसरीवर कंदील लागायचा. साल होते १९७९. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला होता. १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत साक्षर करायचे, असा तो संकल्प. एका केंद्रात साधारण तीस माणसे आणि त्यांना शिकवायला एक जण.

आमचा शिकवणारा गावातलाच, मॅट्रिक झालेला पोरगा. शिकवायचा मनापासून. पण चौथ्या महिन्यात त्याला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी कोणी आले नाही. कंदील पुन्हा लागला नाही. माझ्या आत्याला तोवर नावातली दोनच अक्षरे आली होती. पुढे सारी हयात ती अंगठाच उठवत राहिली.

त्या पोराला दोष कसा द्यावा? मानधन होते महिना ५० रुपये. महिन्याच्या पंचवीस रात्री धरल्या, तर रात्रीला दोन रुपये. तेवढ्यावर कोण संसार मांडणार?

पुढे ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात हजारो स्वयंसेवकांनी बिनपैशाने शिकवले आणि १९९० साली तो जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. म्हणजे पैसा नसला तरी माणसे येतात. पण केव्हा? काम ठरावीक मुदतीचे असते, सारा जिल्हा पाठीशी उभा असतो, तेव्हा. उत्साहावर एक हंगाम निघतो. वर्षानुवर्षे केंद्र चालवायचे तर बांधून दिलेला मोबदला लागतो.

२००९ साली साक्षर भारत योजनेत ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रावर दोन प्रेरक नेमण्याची सोय झाली. मानधन महिना दोन हजार. ३१ मार्च २०१८ रोजी योजना संपली आणि प्रेरकांचे कामही संपले. हाताशी आलेली अनुभवी माणसे पुन्हा आपापल्या वाटेला लागली. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या 'उल्लास' कार्यक्रमात तर शिकवणारे सगळे स्वयंसेवकच. त्यांना मानधन नाही.

मग गावाने काय करावे? बाहेरून माणूस येईल म्हणून वाट पाहू नये. बारावी झालेली सून, निवृत्त गुरुजी, कॉलेजात जाणारी मुलगी असे कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतेच. बायकांच्या वर्गाला शक्यतो बाईच शिकवणारी पाहावी. वेळही बायकांच्या सोयीची असावी, नाहीतर शिकवणारी येईल आणि शिकणाऱ्या चुलीपाशीच राहतील.

दुसरे, एकट्यावर ओझे टाकू नये. दोघींनी मिळून वर्ग घ्यावा. एकीच्या घरी लग्नकार्य निघाले, दुसरीच्या शेतात सोंगणी आली, तरी वर्ग बंद पडत नाही. सुगीत सुटी द्यायची असेल तर ती आधीच ठरवावी आणि वर्ग पुन्हा कोणत्या दिवशी भरणार तेही सांगून ठेवावे.

तिसरे, मोठ्यांना शिकवणे ही निराळी विद्या आहे. पन्नाशीच्या माणसाला पोरासारखे दटावले, तर तो उद्या येणार नाही. आणि समोर कोणी बसेनासे झाले, की शिकवणारीचेही मन उडते. म्हणून तिला प्रशिक्षणाला पाठवा. खताच्या पोत्यावरचा मजकूर, एसटीची पाटी, दूध डेअरीची पावती, बचत गटाचे पासबुक यांवरून तिला शिकवू द्या.

आणि शेवटचे घरच्यांसाठी. सूनबाई संध्याकाळी वर्गाला निघाली, तर सासूबाईंनी तेवढा तासभर पोर सांभाळावे, घरधन्याने धार काढावी. गावाने पंधरा ऑगस्टला तिला चार माणसांत नारळ द्यावा, जाण्यायेण्याचा खर्च वर्गणीतून उचलावा. वर्ग सोडून जाणारी माणसे पैशासाठी जातात तशीच, आपल्या कामाची कोणाला पर्वा नाही असे वाटूनही जातात.

आज अंगठा उठवणारी आत्या, काकू, आजी तुमच्याही घरात असेल. तिच्या नावाची अक्षरे पुरी व्हायची असतील, तर शिकवणारीला उद्या गाव सोडावेसे वाटू नये, एवढे आपण पाहू या.