आधी मीटर, मग गाणं
जालना म्हटलं की लोकांना सळया आणि बियाणं आठवतं. माझ्या टेबलावर मात्र बीसी ५४७ ट्रान्झिस्टर पसरलेले असतात. अ‍ॅम्प्लिफायर शिकायला येणाऱ्या पोरांना आवाज ऐकायची घाई. मी आधी मीटर हातात देतो. ९ व्होल्टची बॅटरी, बेसला प्लसकडून ४७ के (किलोओहम) रेझिस्टर, मायनसकडे १० के, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के. कलेक्टरवर साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत. पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सिग्नलला वर-खाली सारखीच जागा. पूर्ण ९ दिसले तर ट्रान्झिस्टर बंदच आहे. पाय उलटे लागलेत का बघा. मगच मोबाइलचं गाणं कपॅसिटरमधून बेसवर सोडा, अगदी बारीक. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरड लावला की आवाज एकदम चढतो, फाटतोही लवकर. स्पीकर थेट जोडू नका. एका मिलिअँपिअरवर तो काय हलणार? त्याला पुढचा टप्पा लागतो.