शाळेतला बनावट मित्र

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीत टेमेक्युला नावाचं शहर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या पोलिसांनी एकाच मोहिमेत २२ शाळकरी मुलामुलींना अमली पदार्थ विकल्याच्या आरोपावरून पकडलं. त्या वर्षीचं सत्र सुरू झाल्यापासून शेरीफच्या खात्यातले तरुण दिसणारे अधिकारी खोट्या नावानं हायस्कुलात विद्यार्थी म्हणून बसत होते. शिक्षण खात्यातल्या मोजक्या वरिष्ठांना याची कल्पना होती, वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांना नव्हती. पकडलेल्यांत सतरा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. शाळेत तो नवा होता आणि त्याला मित्र नव्हते. कलेच्या वर्गात एका मुलानं त्याच्याशी ओळख वाढवली, फोनवर निरोप पाठवायला सुरुवात केली आणि लवकरच गांजा मिळवून देशील का, असं विचारू लागला. आपल्या मुलाला अखेर मित्र मिळाला म्हणून आईवडील आनंदात होते. वारंवार विचारणा झाल्यावर मुलानं मित्रानं दिलेले वीस डॉलर एका बेघर माणसाला दिले आणि अर्धी सिगारेट भरेल इतका गांजा आणून दिला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यानं नकार दिला आणि मैत्री तिथंच संपली. पुढे भर वर्गातून त्याला पकडून नेण्यात आलं आणि तो मित्र पोलिस होता हे त्याला कळलं.

ही एखाद्या उतावळ्या अधिकाऱ्याची चूक असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. पण ही रुळलेली पद्धत आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७४ मध्ये ती सुरू केली आणि तिथून ती देशभर पसरली. १९८७ साली सुरू झालेल्या '२१ जंप स्ट्रीट' या दूरचित्रवाणी मालिकेनं तिला लोकप्रियतेचं वलयही दिलं. तिचं मूळ साधं आहे. बनावट ग्राहक पाठवून विक्रेत्याला रंगेहाथ पकडणं ही पोलिसांची जगभर चालणारी जुनी रीत. पण रस्त्यावरच्या अड्ड्यावर विक्रेता स्वतःच गिऱ्हाइकाच्या शोधात असतो. अनोळखी माणूस पैसे घेऊन आला की माल हातात पडतो. तिथं ओळखीची गरज नसते. शाळेत बहुतेक देवाणघेवाण मित्रामित्रांत होते. कुणाच्या मोठ्या भावाकडून आलेलं, कुणी पार्टीतून आणलेलं असं काही ओळखीच्या चार जणांत फिरतं. तिथं नव्या मुलाला थेट गिऱ्हाईक होता येत नाही, आधी मित्र व्हावं लागतं. या पद्धतीवरचा माझा आक्षेप नेमका इथं आहे. अशा सापळ्यात कोण सापडेल हे त्याच्याजवळ किती माल आहे यावर ठरत नाही. त्याला मैत्रीची किती गरज आहे यावर ठरतं. जो मुलगा खरोखर धंदा करतो तो नव्या चेहऱ्यापासून चार हात लांब राहतो. ज्याच्याशी कुणी बोलत नाही तो मात्र नव्या मित्राला नाही म्हणू शकत नाही.

फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत २०११ मध्ये झालेल्या मोहिमेत अठरा वर्षांचा, अभ्यासात चांगला असलेला एक मुलगा सापडला. वर्गात नव्यानं आलेल्या एका मुलीच्या तो प्रेमात पडला होता. शाळेच्या वर्षअखेरच्या नृत्यसमारंभाला तिनं आपल्याबरोबर यावं म्हणून त्यानं भर वर्गात गाणं म्हटलं होतं. तिनं गांजाबद्दल विचारलं. तो स्वतः ओढत नव्हता, पण तिच्यासाठी खटपट करून त्यानं तो मिळवला. त्याच्या सांगण्यानुसार त्याला पैसे नको होते, तिनंच आग्रहानं पंचवीस डॉलर हातात ठेवले. ते घेतल्यामुळे हा विक्रीचा गुन्हा झाला. ती मुलगी पंचविशीतली पोलिस होती. या प्रकरणावर २०१२ मध्ये 'धिस अमेरिकन लाइफ' या रेडिओ कार्यक्रमानं सविस्तर वृत्तान्त केला आणि २०१४ मध्ये लिन-मॅन्युअल मिरांडा यांनी त्यावर छोटी संगीतिका रचली. म्हणून हा मुलगा जगाला माहीत झाला. त्याच्या नावावरचा गंभीर गुन्हा मात्र तसाच राहिला आणि हवाई दलात जाण्याचं त्याचं स्वप्न तिथंच संपलं.

दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे मान्य. पण याला संशोधनाचाही आधार आहे. टेम्पल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला दिला. एकट्यानं खेळताना आणि बरोबरचे पाहत असताना ते किती धोका पत्करतात, याची तुलना केली. किशोरवयीन मुलं सोबत्यांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करत होती, प्रौढांत तसा फरक फारसा दिसला नाही. म्हणजे समवयस्काच्या शब्दाला या वयात जे वजन असतं ते पुढच्या आयुष्यात उरत नाही. समवयस्काचं सोंग घेतलेला पंचविशीतला प्रशिक्षित अधिकारी याच दुखऱ्या जागेवर दाब देतो. आणि ज्या लॉस एंजेलिसनं ही पद्धत जन्माला घातली, तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये ती बंद केली. विशेष शिक्षणाची गरज असलेली मुलं यात मोठ्या प्रमाणावर सापडतात आणि हाती लागतो तो चिमूटभर गांजा, अशी टीका तोवर जोरात होऊ लागली होती.

गंमत म्हणून किंवा ओळखीखातर का असेना, मुलानं कायदा मोडलाच ना, असं यावर विचारलं जातं, आणि हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नकार देणारी मुलंही त्याच वर्गात होती. पण प्रौढांच्या बाबतीत खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाचं उत्तर इतक्या सोप्या शब्दांत दिलेलं नाही. १९३२ सालचं सॉरेल्स प्रकरण दारूबंदीच्या काळातलं. एक सरकारी अधिकारी पर्यटक म्हणून एका माणसाच्या घरी गेला, दोघंही पहिल्या महायुद्धात लढलेले आहेत हे कळल्यावर त्या आठवणींत रमला आणि पुन्हा पुन्हा दारू मागत राहिला. शेवटी यजमानानं ती आणून दिली. न्यायालयानं म्हटलं, की ज्याच्या मनात गुन्हा नव्हता त्याच्या मनात तो सरकारनं पेरला असेल, तर आरोपीला तो बचाव घेता आला पाहिजे. १९५८ च्या शर्मन खटल्यात व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या एका माणसाला डॉक्टरांकडे भेटलेला दुसरा रुग्ण, म्हणजे प्रत्यक्षात सरकारचा खबऱ्या, 'मला फार त्रास होतोय' असं सांगत वारंवार अमली पदार्थ मागत राहिला. न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. या दोन्ही प्रकरणांत जे घडलं तेच टेमेक्युलात घडलं. सहवासातून जवळीक आणि जवळिकीतून मागणी. युद्धावरून आलेला प्रौढ माणूस जिच्यापुढे वाकला ती विनवणी सतरा वर्षांच्या पोरानं परतवून लावावी, ही अपेक्षा मला न्यायाची वाटत नाही.

मग हा बचाव मुलांच्या उपयोगी का पडत नाही? कारण तो मांडण्यासाठी खटला उभा राहावा लागतो. अमेरिकेत बहुसंख्य फौजदारी प्रकरणं गुन्ह्याची कबुली देऊन कमी शिक्षा पदरात पाडून घेण्याच्या तडजोडीतच मिटतात. अल्पवयीनांच्या न्यायालयात तर ज्यूरीचा हक्कही नाही, असा निर्णय १९७१ सालीच झालेला आहे. शिवाय शाळेची शिक्षा वेगळी. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यानुसार अमली पदार्थ विकणाऱ्या विद्यार्थ्याला काढून टाकण्याची शिफारस मुख्याध्यापकांना करावीच लागते. टेमेक्युलाच्या मुलाची परिस्थिती पाहून न्यायालयानं सौम्य भूमिका घेतली, तरी शाळेनं त्याला काढण्याचा आग्रह सोडला नाही. २०१३ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी त्याला पुन्हा वर्गात घ्यायला लावलं, तेव्हा ठपका शाळेवर ठेवला. या मुलाला पोलिसासमोर एकटं सोडून दिलं, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. गुन्ह्याच्या वजनाचाही विचार करावा लागतो. जानेवारी २०११ पासून कॅलिफोर्नियात जवळ थोडा गांजा सापडला तर फार तर शंभर डॉलर दंड होत होता. तोच गांजा मित्राच्या पैशानं मित्राला आणून दिला की त्याचा गंभीर गुन्हा होत होता. हे अंतर पोलिसांच्या मागणीनंच निर्माण केलं.

धाक तर बसेल, हा दुसरा युक्तिवाद. एका शाळेत वीस मुलं पकडली की बाकीची सावध होतील. मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दर वर्षी अमेरिकी विद्यार्थ्यांची पाहणी करतं. बारावीच्या वर्गातल्या मुलांना गांजा मिळवणं सोपं वाटतं का, असा एक प्रश्न त्यात असतो. हे सापळे चालू होते त्या साडेतीन दशकांहून अधिक काळात 'सोपं आहे' म्हणणारी मुलं सतत ८० टक्क्यांच्या वर राहिली. ती फारशी घटली नाहीत, कारण पकडलेली मुलं पुरवठ्याच्या साखळीत कुठंच नव्हती. सापळ्यांनी तात्पुरता गाजावाजा होतो, गुन्हेगारी दीर्घकाळ कमी होते याला भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय खात्यानं पोलिसांसाठी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही निघाला होता. धाक बसतो, पण तो वेगळ्याच ठिकाणी. वर्गात मध्येच दाखल झालेला नवा मुलगा पोलिस असू शकतो, ही शंका एकदा शिरली की खरोखर नवा असलेला, गाव सोडून आलेला मुलगा आणखी एकटा पडतो. अडचणीत सापडलेलं पोर समुपदेशकाकडे मन मोकळं करायलाही कचरतं.

सगळ्यात अवघड आक्षेप गेल्या काही वर्षांतला आहे. बाजारात आता फेंटानिल आलं आहे. या कृत्रिम अफूसदृश औषधाची अतिशय थोडी मात्रा जीव घेते आणि ते दुखण्याच्या बनावट गोळ्यांत मिसळून विकलं जातं. अमेरिकेत १४ ते १८ या वयातले २०१९ मध्ये ४९२ जण अतिमात्रेनं मेले. २०२० मध्ये ९५४. एका वर्षात मृत्यू जवळपास दुप्पट झाले, पण नशा करणारी मुलं काही दुप्पट झाली नव्हती. तोच वापर अधिक विषारी झाला होता. ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला त्यांनी 'शाळेत हवे तितके पोलिस घुसवा' म्हटलं, तर त्यांच्याशी वाद घालण्याचं धाडस कुणाला होणार नाही. तरी उत्तर द्यायला हवं, आणि ते लॉस एंजेलिसनंच दिलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हॉलिवूडमधल्या एका हायस्कुलात पंधरा वर्षांची मुलगी अशी गोळी घेऊन मरण पावली. त्या मृत्यूचा माग काढत पोलिसांनी काही दिवसांतच दोन मुलांना पकडलं. घडलेल्या गुन्ह्याचा तो सरळ तपास होता. त्याच महिन्यात शिक्षण मंडळानं आपल्या सर्व शाळांत नॅलॉक्सोन ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. अफूवर्गी औषधानं थांबत चाललेला श्वास नाकात फवारलेल्या या औषधानं परत सुरू होऊ शकतो. सहा महिने वेषांतर करून बसलेला अधिकारी ज्या मुलाला वाचवू शकत नाही त्याला स्वच्छतागृहाबाहेर धावत आलेला शिक्षक वाचवू शकतो. पण त्यासाठी 'ती आत बेशुद्ध पडली आहे' हे सांगायला मैत्रिणीला भीती वाटता कामा नये.

वेषांतर सदासर्वदा वाईट, असं मी म्हणत नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या रॅगिंगच्या निनावी तक्रारीचा छडा २०२२ मध्ये चोवीस वर्षांच्या एका महिला पोलिसानं विद्यार्थिनी म्हणून वावरून लावला आणि ११ जणांवर कारवाई झाली. तिचं कौतुक झालं ते योग्यच. तिथं अत्याचार आधीच झालेला होता, पीडितांची तक्रार होती, संशयित सज्ञान होते आणि तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ती पाहत होती, ऐकत होती. तिच्या आणि टेमेक्युलातल्या अधिकाऱ्याच्या कामात नावापुरतंच साम्य आहे. एकीनं घडलेला गुन्हा उघड केला, दुसऱ्यानं न घडलेला घडवून आणला.

महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांभोवती अमली पदार्थ सापडल्याच्या बातम्या येतात तेव्हा 'आत साध्या वेशातले पोलिस पाठवा' अशी मागणी होते. पालकांची ती काळजी खरी आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं प्रसिद्ध केलेल्या, 'एम्स'नं केलेल्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचा वापर मुलांमध्ये १.१७ टक्के तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के आढळला. हा एकच प्रकार असा, की ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. व्हाइटनर, सोल्युशन, पातळ रंग ही दुकानात मिळणारी वस्तू. तिच्यासाठी वर्गात सापळा लावून काय हाती लागणार? आपल्या बाल न्याय नियमावलीतही साधा वेश आहे, पण मुलांशी बोलणाऱ्या पोलिसानं गणवेश घालू नये, म्हणजे मूल बिचकणार नाही, एवढ्यासाठी. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७८ वं कलम बोट ठेवतं ते मुलाच्या हातात माल देऊन त्याला विकायला लावणाऱ्यावर. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाखाली गुन्हा सिद्ध करायचा तर पकडलेल्या मुलाची साक्ष मोलाची ठरते. कोणत्या टपरीवरून, कुणी, किती पैशांना आणि कधीपासून दिलं, हे ते ज्या शिक्षकाला किंवा समुपदेशकाला सांगेल त्यांची नेमणूक आणि प्रशिक्षण यांवर खर्च होणारा पैसा, वर्गात पोलिस बसवण्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा पुरवठादारापर्यंत कितीतरी आधी पोचेल.