टॉवर, छातीचा फोटो आणि भंगारातले किरण

टीबीच्या तपासणीसाठी आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. “सिस्टर, टॉवरच्या किरणांनी कॅन्सर होतो का?” आणि “छातीचा फोटो काढला तर किरण अंगात राहतात का?” दुसऱ्या भीतीपोटी काही मावश्या फोटोच टाळतात आणि खोकला अंगावर काढतात.

किरण म्हणजे लहरी. एका सेकंदात जितक्या लहरी येतात, ती त्यांची वारंवारता. वारंवारता जितकी जास्त, तितकी त्या किरणाच्या एकेका कणाची ऊर्जा जास्त.

मोबाइल टॉवरच्या लहरी सेकंदाला साधारण ७० कोटींपासून काही अब्जांपर्यंत असतात. दिव्याच्या उजेडाची वारंवारता त्याच्या लाखो पट, आणि एक्स-रेची उजेडाच्याही हजारो पट. टॉवरच्या लहरी पेशीतील रेणू तोडू शकत नाहीत, फार तर ऊब देतात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले, कारण पुरावा मर्यादित होता.

एक्स-रे मात्र अणूतील इलेक्ट्रॉन उडवू शकतात, पेशीला इजा करू शकतात. म्हणून प्रश्न मात्रेचा. छातीच्या एका फोटोत मिळणारे किरण आपल्याला निसर्गातून साधारण दहा दिवसांत मिळतात तेवढेच. यंत्र बंद झाले की किरण संपले. अंगात काही उरत नाही. डॉक्टरांनी सांगितला तर फोटो जरूर काढा. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा. जुने फोटो जपून ठेवा.

खरा धोका कुठे असतो ते एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने यंत्र तिथे तोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. त्याचे गॅमा किरण यंत्रासारखे बंद करता येत नाहीत. त्यांना रंग नाही, वास नाही. अनेक जण आजारी पडले, एका कामगाराचा जीव गेला.

आपली कितीतरी माणसे भंगारावर पोट भरतात. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे चिन्ह दिसले, किंवा शिशाचा जड बंद डबा आला, तर तो फोडू नका. लांब व्हा, मुलांना दूर ठेवा, ११२ वर फोन करा. भंगार हाताळल्यावर उलट्या झाल्या किंवा कातडी भाजल्यासारखी झाली, तर दवाखान्यात आपले काम काय आहे ते आधी सांगा.